समोरून वारा असेल तर सोलो राईडचा दिवस कसा काढायचा

सायकलच्या सोलो टूरवर घाट परवडला पण समोरचा वारा नको, असं मला मनापासून वाटतं. घाट कितीही मोठा असला तरी खिंड आली की संपतो, वारा काही संपत नाही, आणि ग्रुप असला की आळीपाळीने पुढे राहून एकमेकांच्या आडोशाने जाता येतं, एकट्याला ती सोय नाही. पुणे कन्याकुमारी करताना जूनमध्ये तिरुनेलवेलीच्या पुढचा पट्टा लागला, नांगुनेरी, वळ्ळियूर, कावलकिणरू, तिथे मी हे सगळं शिकलो. पश्चिम घाटाच्या टोकाशी आरलवाईमोळीची खिंड आहे, नैऋत्य मान्सूनचा वारा त्या फटीतून दाबून बाहेर पडतो, म्हणून तर मुप्पंदलला एवढ्या पवनचक्क्या आहेत.

आदल्या रात्रीच फोनवर वाऱ्याची दिशा आणि स्पीड बघून ठेवा. ऊन चढलं की वारा वाढतो, त्यामुळे पहाटे पाचला पुढचा मागचा लाईट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट लावून निघा आणि दहाच्या आत जमेल तेवढं अंतर मारून घ्या.

मग स्पीड विसरा, खरंच विसरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तुम्ही 20 ने चालवताय आणि समोरून 20 चाच वारा असेल तर अंगावर येणारी हवा 40 ची, विरोध चौपट! रोजचा 18 चा ॲव्हरेज 10 वर आला तर तुमचे पाय गेले असं समजू नका. मी सरळ मीटरवर चिकटपट्टी लावली. सपाट रस्त्यावरसुद्धा चढाचा हलका गिअर टाका, केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, 80 च्या आसपास ठेवा, जड गिअर रेटत बसलात तर गुडघे बोलायला लागतात. किलोमीटर मोजायचे नाहीत, पाऊण तास चालवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. कोपर वाकवून अंग खाली ठेवा, जर्सीची चेन गळ्यापर्यंत लावा, कॅरिअरवर काही फडफडत असेल तर कचकून बांधा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आडवा वारा आणि ट्रक. नांगुनेरीच्या पुढे वारा उजवीकडून येत होता, त्यामुळे नकळत अंग उजवीकडे झुकलेलं असतं, आणि ट्रक शेजारून जायला लागला की वारा एकदम बंद होतो आणि तुम्ही त्याच झुकावाने ट्रककडेच ओढले जाता, मग ट्रक पुढे गेला की वारा परत फाडकन येतो आणि सायकल डावीकडे मातीत. दोनदा झालं माझं, दुसऱ्यांदा पॅनियर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकवलेली बॅग, रेलिंगला घासली. मागून आवाज आला की पेडल हळू करा, हँडल घट्ट आवळू नका, दोन्ही बाजूला थोडी जागा राहील असं चालवा. कानात इअरफोन अजिबात नको, आवाज ऐकू आलाच पाहिजे.

वाऱ्यात घाम अंगावरच वाळतो म्हणून तहान कळत नाही. दर वीस मिनिटांनी अलार्म लावून दोन घोट प्या, एका बाटलीत ओआरएस ठेवा, खिशात चिक्की आणि खजूर. त्या रस्त्याला ताडाची झाडं भरपूर, जूनमध्ये ताडगोळे मिळाले तर सोडू नका.

डोक्याचं काय करायचं? तो कानात घोंघावणारा आवाज तासनतास ऐकून चिडचिड होते, रडूही येतं, मला आलं होतं. बस स्टॉपच्या भिंतीमागे जाऊन बसा, आवाज थांबला की पाच मिनिटांत माणूस शांत होतो. ट्रिप सोडायचा विचार आला तर आधी पोटात काहीतरी जाऊ दे, मग ठरवा.

आणि सायकल लाईनमध्ये राहतच नसेल तर थांबा, त्यात कमीपणा काहीच नाही. या रस्त्याच्या जवळूनच रेल्वे जाते, नांगुनेरी आणि वळ्ळियूरला स्टेशन आहे, तेवढा पर्याय डोक्यात असू द्या. मी वळ्ळियूरला दुपारीच मुक्काम टाकला आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी पहाटे काढलं. मुक्कामाला पोचल्यावर आधी डोळे स्वच्छ पाण्याने धुवा, मग चेन पुसून तेल द्या, दिवसभराची धूळ दोन्हीकडे बसलेली असते.