लिंक अप दिसते पण पिंग जात नाही? स्विच ड्रायव्हरमध्ये ऑटोनेगोशिएशन कुठे तपासायचं

लिनक्समध्ये स्विचचा ड्रायव्हर लिहिताय आणि एसजीएमआयआयवर (स्विच आणि फाय यांना जोडणारी सिरियल लाइन) बाहेरचा फाय (केबलवरचे सिग्नल सांभाळणारी चिप) लावलाय, तर आधी एक लक्षात घ्या, इथे बोलणी (ऑटोनेगोशिएशन, म्हणजे स्पीड आणि डुप्लेक्स आपसात ठरवणं; फुल डुप्लेक्स म्हणजे दोन्हीकडून एकाच वेळी, हाफ म्हणजे आळीपाळीने) दोन ठिकाणी होतात. एक केबलवर, आपला फाय आणि समोरचा फाय यांच्यात. दुसरी बोर्डावरच, फाय आणि स्विचमधला पीसीएस (त्या लाइनवरचं कोडिंग-डिकोडिंग करणारा भाग) यांच्यात. एलईडी लागला म्हणजे पहिली जमली एवढंच, दुसरीचं त्यावरून काही कळत नाही.

केबलची बाजू पटकन होते. एमडीआयओवरून (फायचे रजिस्टर वाचायची बस) फायचा १ नंबरचा रजिस्टर वाचा, बिट ५ म्हणजे ऑटोनेगोशिएशन झालं, बिट २ म्हणजे लिंक. हा बिट २ लॅच होतो, म्हणजे लिंक मध्ये एकदा जरी पडली तरी तुम्ही वाचेपर्यंत शून्यच राहतो, त्यामुळे आत्ताची स्थिती हवी तर लागोपाठ दोनदा वाचायचा. आणि समोरच्याने १०० फुल फोर्स करून (बोलणी बंद करून) ठेवलं असेल तर आपल्याला स्पीड कळतो पण डुप्लेक्स कळत नाही, मग स्टँडर्डप्रमाणे आपण हाफवर जातो. पिंग मस्त चालतो, लोड टाकला की लेट कोलिजन (उशिरा होणारी टक्कर) आणि सीआरसी एरर (खराब फ्रेम) सुरू, आणि लोक ड्रायव्हरला शिव्या घालत बसतात.

खरी डोकेदुखी बोर्डावरची. एसजीएमआयआयमध्ये फाय पीसीएसला १६ बिटांचा शब्द पाठवतो: बिट १५ लिंक, १२ डुप्लेक्स, ११ आणि १० मिळून स्पीड, बिट ० कायम १. गिगाबिट फुलला, अॅकचा बिट १४ धरून, हेक्समध्ये डी८०१ दिसायला हवं. १०००बेस-एक्सचं (मुख्यतः फायबरवरचं गिगाबिट) लाइन कोडिंग तेच, बॉडही तोच १.२५ गिगा, पण बिटांचा अर्थ वेगळा, तिथे फुल डुप्लेक्स बिट ५ वर आणि बिट १२ रिमोट फॉल्टचा. म्हणजे पीसीएस चुकून त्या मोडला राहिला तर सिंक मिळतो आणि वाचलेलं सगळं भलतंच निघतं, म्हणून डिव्हाइस ट्रीमधला (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) फाय-मोड आणि पीसीएसचा मोड रजिस्टर एकदा डोळ्यांनी जुळवून बघाच.

आता फायलिंक, म्हणजे फाय, पीसीएस आणि मॅक (स्विचमधला फ्रेम पाठवणारा-घेणारा भाग) यांची लिंक सांभाळणारा कर्नलचा भाग; खालची फंक्शन्स ड्रायव्हरने त्याला द्यायची. इन-बँड (वरचा १६ बिटांचा शब्द त्याच लाइनवरून घेणं) वापरायचं की नाही हे पीसीएस_कॉन्फिगला मिळणाऱ्या निगोशिएशन मोडवरून ठरवा, स्वतःच्या मनाने कायम चालू ठेवू नका. फाय शब्द पाठवतच नसेल आणि पीसीएस वाट बघत बसला तर ईथटूल (नेटवर्क पोर्ट तपासायची आणि सेट करायची कमांड) लिंक अप सांगेल पण पॅकेट एकही जाणार नाही, वरच्या टायटलमधली केस बहुतेक वेळा हीच असते. इन-बँड चालू असेल तर पीसीएस_गेट_स्टेटमध्ये लिंक, स्पीड, डुप्लेक्स भरा, बंद असेल तर पीसीएस_लिंक_अपमध्ये आलेला स्पीड रजिस्टरमध्ये लिहा. मॅक_कॉन्फिगमध्ये स्पीड वाचायचा नाही, तो मॅक_लिंक_अपला मिळतो. सीपीयू पोर्टला (स्विचला प्रोसेसरशी जोडणारं) सहसा फिक्स्ड-लिंक (आधीच पक्का ठरवलेला स्पीड आणि डुप्लेक्स) असते, तिथे बोलणीच नाहीत, दोन्ही टोकं हाताने सारखी ठेवायची.

टेस्ट फक्त गिगाबिटवर करून पॅच पाठवू नका. समोरच्या मशीनवर ईथटूलने फक्त १०० अॅडव्हर्टाइज करा. १०० ला एसजीएमआयआय प्रत्येक बाइट १० वेळा पाठवतं, १० ला १०० वेळा, तेव्हा गिगाबिट चालतंय आणि १०० ला लिंक टिकून फ्रेम मात्र कचरा येत असतील तर स्पीड पीसीएसपर्यंत पोचलेलाच नाही.