स्क्रूड्रायव्हर आधी खिशात ठेवा: अँबॅसॅडर-फियाटच्या कार्बोरेटरमधल्या या चुका टाळा

खानापूरच्या पावसात चार महिने शेडमध्ये उभी राहिलेली अँबॅसॅडर खंडेनवमीच्या पूजेसाठी बाहेर काढली, की ती फडफडते आणि पहिला हात जातो कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाच्या) स्क्रूवर. घोळ तिथंच सुरू होतो. खोट पुष्कळदा पॉइंटमध्ये (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कात) नाहीतर टॅपेटमध्ये (व्हॉल्व्हजवळच्या फटीत) असते. आधी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या: 1489 सीसी पेट्रोल इंजिनला पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी, टॅपेट 0.38 मिमी. हे न बघता मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण) लावलं, तर पॉइंट बदलल्यावर सगळं पुन्हा बिघडतं.

मग हवेची गळती. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी हँडस्प्रेनं जरासं पाणी मारा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढतंय. एक्झॉस्ट शेजारीच तापलेला असतो, त्यावर पाणी नको, आणि पेट्रोल शिंपडून बघण्याचा शहाणपणा तर नकोच. गळती सापडली की लोक नट आवळत सुटतात. त्यानं फ्लँजचे (कार्बोरेटर इंजिनवर बसतो त्या चपट्या कडेचे) कान वाकतात आणि मधली फट आणखी वाढते. फ्लँज काढून काचेवर एमरी पेपर ठेवून सपाट घासा, नवं पॅकिंग घाला. थ्रॉटलची (ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या झडपेची) दांडी डगडगत असेल तर कुठलंही ट्यूनिंग टिकणार नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर बुश (दांडीभोवतीची नळी) मारून घ्या.

अँबॅसॅडरच्या एसयू कार्बोरेटरमध्ये पिस्टन (इंजिनचा नव्हे, कार्बोरेटरमधला वरखाली सरकणारा) वर उचलून सोडला की ‘टक्’ असा स्वच्छ आवाज करत पडायला हवा. अडकत असेल तर एमरी लावू नका, पेट्रोलच्या फडक्यानं पुसा. डॅशपॉटमध्ये (पिस्टनवरच्या तेलाच्या नळीत) 20 नंबरचं पातळ तेल लागतं. जाड तेलानं पिस्टन उशिरा उठतो, पिकअप मंदावतो. आता गरम इंजिनवर पिस्टन जेमतेम 1 मिमी उचला. आवाज चढून तसाच राहिला तर मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), लगेच बसला तर लीन (पेट्रोल कमी). क्षणभर चढून पूर्ववत झाला तर बरोबर. लीन असेल तर जेटचा (पेट्रोल येतं त्या बारीक छिद्राच्या नळीचा) नट खाली, रिच असेल तर वर, पण एका वेळी नटाचा एकच पैलू, म्हणजे एक-षष्ठांश फेरा. सगळं विस्कटलं असेल तर जेट पुलाशी (पिस्टनखालच्या सपाट पृष्ठभागाशी) सपाट आणून दोन पूर्ण फेरे खाली घ्या, तिथून सुरुवात करा.

फियाटच्या सोलेक्स कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू हलक्या हातानं टेकवून दीड फेरा उघडा. करकचून आवळला तर टोकाला खाच पडते, मग आयडलिंग (उभ्या गाडीतलं इंजिनचं संथ चालणं) कधीच जागेवर बसत नाही. जेटमध्ये तार घालू नका, हवा मारा.

आणि ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढून घेतं. उभ्या गाडीच्या फ्लोट बाऊलच्या (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाशी ते पाणी साचतं, धातू गंजून पांढरी भुकटी धरते. पावसाळ्याआधी बाऊल रिकामा करा, आणि जुने रबरी पाइप फुगलेले दिसले तर लगेच बदला.