तार गुंडाळायला निघण्याआधी खिशात सुतळी आहे का?

हरभरा घरात आला की धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, झटका मशीनची तार काढायची घाई सुटते. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) पिकात शिरू नयेत म्हणून विजेचा ठोका देणारं हे तारेचं कुंपण. नांगरणीचा ट्रॅक्टर ठरलेला असतो, उन्हाळ्यात गुरं मोकळी सुटतात, आणि रिकाम्या वावरात राहिलेली तार चोरीला तरी जाते नाहीतर कुणाच्या पायात येते. काम अर्ध्या दिवसाचं वाटतं. मागच्या वर्षी मीही ते अर्ध्या दिवसात उरकलं, आणि जुलैत सोयाबीन दोन पानांवर असताना दोन दिवस गोठ्यासमोर बसून तारेचा गुंता सोडवत होतो. त्या दोन रात्रींत रोह्यांनी धुऱ्याकडचे तास खाऊन साफ केले. म्हणून यंदा निघण्याआधी काय काय बघायचं ते लिहून काढतोय. सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच करा: तार ज्यावर गुंडाळतो त्या चरखीला तिचं शेवटचं टोक बांधायला सुतळीचा किंवा चिंधीचा वीतभर तुकडा खिशात टाका. आत्ताच टाका. संध्याकाळी वावरात तो सापडत नाही.

मशीन बंद करायचं हे सांगायला नको. पण नुसतं बटण दाबून जाऊ नका, बॅटरीची वायर सोडून ठेवा. बंद दिसली म्हणून घरचं कुणीतरी चांगल्या मनानं मशीन चालू करतं, आणि तुम्ही तिकडे तार हातात धरून उभे असता. ठोका साधारण सेकंदाला एक पडतो, त्यामुळे हात लावल्या क्षणी काही जाणवलं नाही म्हणजे तार मेली असं धरू नका, टेस्टर लावून दोन-तीन सेकंद थांबा. शेजाऱ्याची तार आपल्याच धुऱ्यावरून जात असेल तर ती कुठे आपल्या तारेला टेकली आहे का तेही बघा. आपली मशीन बंद असूनही झटका बसतो तो असा. आणि मशीनऐवजी घरची लाईन थेट तारेत सोडणारे अजून आहेत. तो गुन्हा आहे, त्यात डुकरांआधी माणसं मरतात. तसं असेल तर आधी ते कायमचं बंद करा, गुंडाळायचं नंतर.

हातमोजे घ्या. या कुंपणाला लावतात ती क्लच वायर म्हणजे बारीक पोलादी तारांचा पीळ, त्यातला एखादा धागा तुटलेला असतोच आणि तो नखात शिरतो. पक्कड, विळा, पाणी.

आता चरखी. हातावर, कोपर आणि पंजा यांच्यामध्ये, सुतळीसारखी तार गुंडाळायची सवय असेल तर ती सोडा. सुतळी मऊ असते, मुकाट्यानं पडून राहते. पोलादी तारेला स्प्रिंग असते, हातातून काढली की ती उसळते आणि वेढे एकमेकांत घुसतात. लाकडाच्या फळीवर गुंडाळली तर कडेवर तीच जागा दरवेळी मुडपते आणि तिथेच पुढे तुटते. चरखी गोल हवी, तिचा गाभा निदान वीतभर रुंद हवा, दोन्ही बाजूंना चकत्या हव्यात, नाहीतर वेढे कडेवरून घसरून दांड्यात अडकतात. आमच्या गावच्या वेल्डिंगवाल्यानं जुन्या पाइपाचा दांडा आणि पत्र्याच्या दोन चकत्या जोडून करून दिली, मूठ एका बाजूला. करून घेताना एका चकतीला दोन भोकं पाडायला सांगा. एक गाभ्याजवळ, सुरुवातीचं टोक अडकवायला. दुसरं चकतीच्या काठाजवळ, शेवटचं टोक बांधायला. माझ्या पहिल्या चरखीला हे दुसरं भोक नव्हतं. टोक बांधायला जागाच नसली की माणूस ते वेढ्यांखाली खोचतो आणि मनात म्हणतो, राहील. ते राहत नाही.

चरख्या किती लागतील याचा हिशोब घरीच करा. दोन एकराचं वावर चौकोनी धरलं तर त्याच्या भोवती साधारण ३६० मीटर तार फिरते, तीन पदर, म्हणजे खुंटावर एकाखाली एक तीन तारा, असले की १,०८० मीटर. वीतभर गाभ्यावर एका पदराचेच पाचशेच्या आसपास वेढे होतात. एका चरखीवर एकच पदर. दोन पदर एकावर एक चढवले की खालच्याचं टोक वरच्याच्या पोटात जातं आणि ते हाती येण्यासाठी आधी सगळा वरचा पदर उतरवावा लागतो. चकतीचा दोन बोटं काठ नेहमी रिकामा राहू द्या. चरखी लहान असेल तर पदर मधेच कापून दुसऱ्या चरखीवर घ्या, पण गच्च भरू नका.

वेळ दुपारची धरा. हरभरा सकाळी दवात काढतात, घाटे फुटून दाणे गळू नयेत म्हणून, आणि त्याच ओघात लोक तारेलाही हात घालतात. ओली तार गुंडाळली की पाणी आतल्या वेढ्यांत बसतं आणि तीन महिन्यांत गंज धरतो. ऊन चढू द्या. मात्र दिवस मावळायला दोन तास उरले असतील तर सुरूच करू नका. अंधार पडत आला की शेवटचं काम अर्धवट सुटतं, आणि शेवटचं काम कोणतं? टोक बांधणं. मागच्या वर्षी नेमकं हेच झालं. मळणी यंत्र आलेलं, कुटार उडत होतं, बाबा हाका मारत होते. मी चरखी पोराच्या हातात दिली, म्हटलं गोठ्यात ठेव. त्यानं ठेवली. टोक मोकळं होतं.

निघाल्यावर आधी विळ्यानं खालच्या पदरात अडकलेलं गवत आणि वेल कापा. वेलासकट तार चरखीवर गेली की वेल वाळतो, चुरा होतो, त्याच्या जागी वेढा सैल पडतो आणि शेजारच्या वेढ्याखाली सरकतो. सोयाबीनची धसकटं, तुरीचं खुंट, काहीही तारेबरोबर चरखीवर येऊ देऊ नका. आणि तार ज्यांवर लावलेली असते ते बांबूचे खुंट आधी उपटू नका. ही चूक मी जवळजवळ प्रत्येक वावरात बघतो. लोक पुढे पुढे बांबू उपटत जातात, तार जमिनीवर पडते, ढेकळांत आणि धसकटांत गुंतते, मग मागून ओढणारा ती खेचतो. तार खुंटावरच राहू द्या. खुंट तिला ताणून धरतो, उचलून धरतो, दोन गड्यांचं काम तो एकटा करतो. चरखी जवळ आली की पुढच्या दोन-तीन खुंटांवरूनच तार सोडवायची, त्यापेक्षा जास्त नाही. इन्सुलेटर आकड्याचे असतील तर हे पटकन होतं. बंद कडीचे असतील तर तार प्रत्येक कडीतून ओवून काढावी लागते आणि जुनी गाठ प्रत्येक कडीत अडते. पुढच्या खेपेला आकड्याचेच घ्या.

सगळ्यात खालचा पदर आधी काढा. वरचा आधी सोडला तर तो खालच्या दोन्हींवर पडतो आणि तिथूनच गुंत्याला सुरुवात होते.

गुंडाळताना चरखी घेऊन तुम्ही तारेकडे चालत जा, तार तुमच्याकडे ओढू नका. दूरचं टोक कोपऱ्याच्या खांबाला बांधलेलंच असू द्या. तुम्ही मूठ फिरवत पुढे सरकता, तार जागेवरून उचलली जाऊन चरखीवर बसते, तिला घासही लागत नाही आणि पीळही बसत नाही. पिळाचं कारण समजून घ्या, कारण गुंता तिथूनच निघतो. तारेची वेटोळी जमिनीवर ठेवून कडेनं एकेक वेढा उचलला की प्रत्येक वेढ्यामागे तारेत एक पूर्ण पीळ भरतो. शंभर वेढे म्हणजे शंभर पीळ. तार सैल पडली की तो पीळ मुरड घालून बाहेर येतो, आणि मुरड ओढून सरळ केली की पोलादाचे धागे तिथे मोडतात. म्हणून फिरायला हवी ती चरखी. गुंडाळतानाही आणि सोडतानाही.

हाताचा ताण सारखा ठेवा. खूप जोर नको, तार चरखीवर बसताना सळसळ न करता गप्प बसली पाहिजे एवढाच. मोज्यातल्या बोटांनी तिला डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेत राहा, विहिरीच्या रहाटावर दोर बसतो तसं. एकाच जागी ढीग झाला की ढिगावरचे वेढे कोसळून बाजूच्या खड्ड्यात जातात. मूठ कोणत्या दिशेनं फिरवली त्याचा बाण चकतीवर ऑइल पेंटनं काढून ठेवा, जूनमध्ये आठवत नाही.

आता टोक. पदर संपत आला, शेवटचे दहा-बारा हात उरले की थांबा, खांबाचं टोक सोडा आणि तेवढी तार सावकाश गुंडाळून घ्या. चरखी खाली ठेवू नका. एका हाताच्या अंगठ्यानं शेवटचा वेढा चकतीजवळ दाबून धरा, दुसऱ्या हातानं टोक काठाच्या भोकातून बाहेर काढा, मागे वळवा, स्वतःभोवती दोन पीळ द्या. मग त्यावरून सुतळी किंवा चिंधी बांधा, लाल असेल तर उत्तम. पीळ तार धरून ठेवतो, चिंधी पुढच्या वेळी टोक दाखवते. दोन्ही लागतात. पीळ देऊन चिंधी न बांधणाऱ्याला जूनमध्ये टोक शोधताना पहिला दिसेल तो वेढा ओढायचा मोह होतो, आणि चुकीचा वेढा ओढला की तो बाकीच्यांभोवती फास बसवतो.

मोकळ्या टोकाचं काय होतं ते मी जवळून बघितलंय, म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो. गोठ्यातल्या अंधारात ते टोक स्प्रिंगसारखं हळूच उसळलं होतं, तीन-चार वेढे सैल झाले होते, आणि टोक त्यांच्या खालून जाऊन पलीकडे वर आलं होतं. बाहेरून बघितलं तर चरखी ठीकच दिसत होती. मी टोक हातात घेतलं आणि ओढलं. आठ-दहा हात तार आली, मग अडली. जोर लावला. तिथे पहिली गाठ बसली. त्यानंतर प्रत्येक ओढीला नवी गाठ. शेवटी पक्कड घेऊन कापत गेलो, चौदा तुकडे झाले. चौदा तुकड्यांचे तेरा जोड. रात्री मशीन लावल्यावर धुऱ्यावर उभा राहिलो तर जोडांपाशी टिक, टिक असा आवाज येत होता आणि अंधारात बारीक निळी ठिणगी दिसत होती. जोड सैल असला की झटका तिथेच खर्च होतो, पलीकडच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्यात दम राहत नाही. डुकरं त्याच कोपऱ्यातून आत आली. एका वीतभर सुतळीसाठी एवढं झालं.

गुंता झालाच असेल तर ओढू नका. चरखीवरची सगळी वेटोळी एकदम सैल करून बाजेवर पसरा, गाठ दिसेल तिथे ती मोठी करत टोक तिच्यातून ओवून काढा. कापणं शेवटी. कापलंच तर दोन्ही टोकांचे आकडे करून एकमेकांत अडकवा आणि मग प्रत्येक टोक आपल्याच तारेवर घट्ट पिळा, नुसती पिळपिळी नको.

तिन्ही पदर निघाले की खुंट उपटा, वीस-वीसची मोळी बांधा. इन्सुलेटर पोत्यात. कोणत्या चरखीवर कोणता पदर ते चिंधीच्या रंगानं ठेवा, खालचा लाल, बाकी तुम्ही ठरवा. अर्थिंगचा गज काढायचा असेल तर काढा, मी तिथेच सोडतो, खूण म्हणून वर दगड ठेवतो.

चरख्या जमिनीवर नाही, खुंटीला. गोठ्यात गुरांचा पाय लागतो, उंदीर चिंधी कुरतडतात. टांगण्याआधी प्रत्येक चरखीच्या टोकाला एकदा बोट लावून बघा. गाठ आहे? चिंधी आहे? मग टांगा. नसेल तर तिथेच बांधा, उद्यावर टाकू नका.

बॅटरी घरात आणून ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा, सोलर पॅनल उलटं टेकवून ठेवा. मशीनवर पोतं टाकलं तरी चालेल. जूनच्या पहिल्या पावसाआधी एक चरखी काढून धुऱ्यावर दहा-वीस हात सोडून बघा, सोडताना चकतीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दाबून धरा म्हणजे चरखी तारेच्या पुढे पळणार नाही.