लूपमधील क्लोजर लिहिताना आधी व्हेरिएबल मोजावीत

मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांची बटणे एका वेबपानावर जावास्क्रिप्टने मांडायची आहेत आणि ज्या जिल्ह्याचे बटण दाबले जाईल तेथील सोयाबीनचा भाव खाली दाखवायचा आहे, असे समजू. नावे एका क्रमवार यादीत म्हणजे अ‍ॅरेत व भाव दुसऱ्या अ‍ॅरेत आहेत. 'फॉर' लूपमध्ये 'व्हार' या शब्दाने जाहीर केलेले 'आय' हे व्हेरिएबल शून्यापासून मोजत जाते, प्रत्येक फेरीत एक बटण तयार होते आणि 'आय' क्रमांकाचा भाव दाखवणारे फंक्शन त्याच्या क्लिकला जोडले जाते. पान उघडल्यावर नावे अचूक दिसतात. पण लातूर दाबा की परभणी, भावाच्या जागी 'अनडिफाइंड' (किंमतच नाही) एवढेच उमटते.

नावे बरोबर आणि भाव चूक, हाच येथे खरा सुगावा आहे. नाव लूप चालू असतानाच वाचले जाते, तर क्लिकचे फंक्शन लूप संपून गेल्यावर चालते. जावास्क्रिप्टमधील क्लोजर, म्हणजे बाहेरची व्हेरिएबल सोबत धरून ठेवणारे फंक्शन, व्हेरिएबलची त्या क्षणीची किंमत जपत नाही, ते व्हेरिएबललाच धरून राहते. 'व्हार'ची व्याप्ती ब्लॉकपुरती, म्हणजे महिरपी कंसातील भागापुरती, नसून संपूर्ण फंक्शनभर असल्यामुळे आठही फंक्शनांच्या वाट्याला एकच 'आय' येते. लूप थांबतो तेव्हा त्याची किंमत 8 झालेली असते आणि अ‍ॅरेतील शेवटचा क्रमांक तर 7 आहे. बाजार समितीतील एकाच फळ्याकडे आठ जण पाहत असतील, तर सर्वांना शेवटी लिहिलेला आकडाच दिसणार.

यावर उपाय म्हणजे 2015 च्या आवृत्तीत भाषेत आलेले 'लेट' फॉरच्या कंसात वापरावे. मग प्रत्येक फेरीसाठी नवे 'आय' निर्माण होते, आधीच्या फेरीतील किंमत त्यात उतरते आणि त्यानंतर ते एकाने वाढते. मात्र 'व्हार' खोडून 'लेट' लिहिले की झाले, हा सर्रास दिला जाणारा सल्ला अर्धाच आहे, कारण तेच 'लेट' लूपच्या वरच्या ओळीत जाहीर केले तर व्हेरिएबल पुन्हा एकच उरते. 'व्हाइल' लूपमध्ये म्हणूनच महिरपी कंसाच्या आत 'कॉन्स्ट'ने, म्हणजे किंमत पुन्हा बदलता न येणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, त्या फेरीच्या क्रमांकाची प्रत करून घ्यावी. यादीतील घटक एकेक करून देणाऱ्या 'फॉर-ऑफ' लूपमध्ये थेट 'कॉन्स्ट' चालते. मोजणीच्या 'फॉर'मध्ये ते पहिल्याच वाढीला त्रुटी देते.

जुन्या ब्राउझरसाठीच्या कोडमध्ये 'लेट' वापरता येत नसेल, तर क्रमांक पॅरामीटर म्हणून घेणारे आणि क्लिकचे फंक्शन परत देणारे वेगळे फंक्शन लिहावे, कारण प्रत्येक हाकेला पॅरामीटर नवा असतो. यादीतील प्रत्येक घटकासाठी दिलेले फंक्शन हाकणारे 'फॉरईच'ही याच कारणाने सुरक्षित ठरते. जागच्या जागी लिहून लगेच चालवलेले निनावी फंक्शनही हेच काम करते, परंतु नाव दिलेले फंक्शन वाचायला कितीतरी सोपे जाते.

शंका असल्यास क्लिकच्या फंक्शनमध्ये ब्रेकपॉइंट (कोड थांबवण्याची खूण) लावून ब्राउझरमधील डीबगरच्या 'स्कोप' भागात 'आय'ची किंमत पाहावी. लूपमध्ये छापून पाहिल्यास ती नेहमी बरोबरच दिसते आणि दिशाभूल होते.

सामाईक व्हेरिएबल कधीकधी हवेही असते. सर्व बटणांवर मिळून किती क्लिक झाले हे मोजायचे असेल, तर मोजणीचे 'लेट' लूपच्या बाहेरच ठेवावे. ते ब्लॉकच्या आत गेले, तर नांदेडचे बटण नांदेडपुरतेच मोजील.