इसार देण्याआधी विहिरीत टेप सोडा

पर्यटकांना भाड्याने द्यायला अलिबाग-मुरुडकडे समुद्रालगत जुनं घर घेणार असाल, तर सेप्टिक टँकचं पाणी तिथल्या जमिनीत मुरेल का, ते आधी पाहा. त्यासाठी पहिली फेरी मे महिन्यात नको, भर श्रावणात मारा. आवारातल्या विहिरीच्या तोंडाशी जमिनीची पातळी धरून पाण्यापर्यंत टेप सोडा. अंतर १.८ मीटरहून कमी भरलं, तर टाकीतून येणारं पाणी मुरवायला साधा शोषखड्डा बाद. आयएस २४७० या सेप्टिक टँकच्या भारतीय मानकाप्रमाणे निचऱ्याचे चर मग थोडे किंवा पूर्ण जमिनीच्या वर, मातीच्या उंचवट्यात घ्यावे लागतात. "आमची टाकी कधी भरतच नाही," असं मालक कौतुकाने सांगेल. बहुतेकदा टाकीला तळच नसतो.

मग माती. अर्धा मीटर खड्डा खणा, रात्रभर भिजवा, सकाळी पाणी २५ मिमी उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. ६०च्या वर गेलं तर उंचवटाही चालत नाही, सांडपाण्यासाठी फिल्टर बांधावा लागतो. जांभ्याच्या भेगांतून पाणी झर्रकन गेलं तरी हुरळू नका, ते कोणाच्या तरी विहिरीत उतरतंय. चरांचं विहिरीपासून १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर अंतर हवं. कुंपणापलीकडच्या विहिरीपर्यंतही मोजा. लहान वाडीत घोडं इथेच अडतं.

दहा माणसांना आत २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद टाकी, पाण्याची खोली १.४ मीटर. चरात १५ ते २५ सेंमी धुतलेली खडी, तिच्यावर ७५ ते १०० मिमीचा भोकांचा पाईप. एक चर ३० मीटरच्या आत, दोन चरांत १.८ मीटर. पाणी वर चढवायला पंपाचं चेंबर, पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच आणि पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पावसात वीज जाणारच, म्हणून माणशी १३५ लिटर धरून दिवसभराचं, म्हणजे १,३५० लिटर पाणी मावेल एवढी जागा चेंबरमध्ये मोकळी ठेवा. पाहुण्यांसाठी मासे तळणार असाल तर मोरीच्या लाइनवर तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप हवाच, नाहीतर चरातली खडी तेलाने बुजते. पन्हळीचं पाणी उंचवट्यावर येऊ देऊ नका, त्यावर माड लावू नका, गाडी तर नाहीच.

सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना ८, सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) स्थिती हे वकिलाकडून तपासून घ्या. कंत्राटदाराचा लेखी अंदाज घेऊन तेवढी रक्कम किमतीतून वळती करा, मगच इसारपावती.

मैला मार्च-एप्रिलमध्येच उपसा. जुलैत रिकामी केलेली प्लॅस्टिकची टाकी खालच्या पाण्याच्या रेट्याने वर उचलली जाते आणि टाकीत येणारा पाईप सांध्यातून निखळतो.