क्लायंटची कामं चालू ठेवून स्वतःचे फोटो काढायला कसं लागायचं

वर्षानुवर्षं क्लायंटसाठी प्रॉडक्ट, कॅटलॉग, फॅशनचे फोटो काढले की डोळ्याला तसं वळणच पडतं. मी एकदा सुट्टीतले फोटो बघत बसलो होतो, तर जवळजवळ प्रत्येक फोटोत डाव्या बाजूला जागा मोकळी सोडलेली, जाहिरातीच्या हेडलाइनसाठी! कोणी मागितली नव्हती तरी. ते बघून खरंच वाईट वाटलं आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं.

पहिलं म्हणजे कमर्शियल काम सोडू नका. अमेरिकन फोटोग्राफर आयर्विंग पेन व्होग या फॅशन मासिकासाठी शूट करत होते तेव्हाच, १९७२ मध्ये, त्यांनी रस्त्यावर पडलेली सिगारेटची थोटकं स्टुडिओत आणून शूट केली, प्लॅटिनम प्रिंट (चांदीऐवजी प्लॅटिनमच्या क्षारांनी काढलेले प्रिंट) काढले आणि १९७५ मध्ये ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागले. हात तोच, स्टुडिओतली नजर तीच, फक्त यावेळी ब्रीफ, म्हणजे काय हवं त्याची क्लायंटची सूचना, कोणी दिलं नव्हतं.

विषय असा घ्या जिथे परत परत जाता येईल, कोणाची परवानगी, क्रू, बुकिंग काही लागणार नाही. घरातला जिना चालेल, एखादी खिडकी चालेल. मूडबोर्ड, म्हणजे शूटआधी जमवलेल्या नमुना फोटोंचा तक्ता, मात्र करू नका, कारण मूडबोर्ड केला की उत्तर आधीच ठरतं आणि मग आपण ते फक्त सफाईने काढून देतो, त्यात तर आपण तरबेज आहोतच.

कॅमेऱ्यावर एकच प्राइम लेन्स (झूम न होणारी) लावा, ३५ किंवा ५० एमएम. स्टुडिओचे लाइट सोबत नेऊ नका. आठवड्यातले दोन तास ठरवा आणि ते क्लायंटच्या शूटसारखेच पाळा, नाहीतर ते कायम पुढेच ढकलले जातात.

आता निवड, आणि माझ्या मते खरं काम इथेच आहे. दोन-तीन महिने जमवा, मग ४ बाय ६ चे साधे प्रिंट काढून भिंतीवर लावा आणि आठवडाभर येताजाता बघा, स्क्रीनवर निवडू नका. जाहिरातीचा फोटो बघताक्षणी कळावा लागतो. इथे उलटं करायचं, जो फोटो पहिल्या नजरेत सगळं सांगून मोकळा होतो तो काढून टाका, कितीही परफेक्ट असला तरी. मला हे फार जड गेलं, कारण निघाले ते सगळे चांगल्या लाइटचे होते आणि उरला त्यातला एक तर थोडा हललेला होता. पण थांबून बघावासा वाटायचा तोच! राहिलेल्या पंधरा-वीसांचा क्रम लावा, कोणाशेजारी कोण ठेवला की दोघंही बदलतात ते बघा. स्टेटमेंट, म्हणजे हे काम कशाबद्दल आहे ते सांगणारा छोटा मजकूर, त्यानंतर लिहायचं, आधी नाही.

शेवटच्या प्रिंटसाठी कॉटन रॅग पेपर (कापसाच्या तंतूंचा कागद) आणि पिगमेंट इंक (लवकर न उडणारी शाई) वापरा. २४ मेगापिक्सेलची ६००० बाय ४००० ची फाइल ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) साधारण २० बाय १३ इंच होते, सुरुवातीला तेवढं भरपूर आहे.

विकायचे असतील तर एडिशनचा आकडा, म्हणजे एका फोटोचे एकूण किती प्रिंट काढणार ते, पहिला प्रिंट विकण्याआधी ठरवा, समजा १०, प्रत्येकावर पेन्सिलने त्याचा नंबर, जसं तिसऱ्यावर ३/१०, लिहून सही करा आणि कुठला नंबर कोणाकडे गेला ते वहीत नोंदवा. नंतर मागणी आली म्हणून तो आकडा वाढवायचा नाही. आणि क्लायंटच्या शूटमधला एखादा फ्रेम आवडला म्हणून या सेटमध्ये घालायच्या आधी त्या कामाचं अ‍ॅग्रीमेंट काढून वाचा, हक्क कोणाकडे आहेत ते सहसा त्यात असतं.