साध्या फोनवरची मेन्यू सेवा कोकणात सुरू करताय? या चुका टाळा

मच्छीमार सोसायटी, आंबा बागायतदारांचा गट किंवा एखादी पतसंस्था ‘बटणांच्या फोनवर चालेल अशी सेवा काढू या’ असं ठरवते, तेव्हा मला मनापासून आनंद होतो. कोकणपट्टीत तिची गरज आहे. होडीवर, बागेत, घाटाखालच्या वाडीत अजूनही बटणांचा फोनच हाताशी असतो. म्हणूनच अशी सेवा टाळता येण्यासारख्या कारणांनी बंद पडली की वाईट वाटतं.

स्टार-हॅशच्या कोडमागे धावणं

*...# असा कोड लावला की फोनच्या पडद्यावर मेन्यू उघडतो, त्याला यूएसएसडी म्हणतात. तसा स्वतःचा कोड मिळवायला धावणं ही सगळ्यात महागडी चूक. बैठकीत केनियाच्या एम-पेसाचं, म्हणजे साध्या फोनवरून पैसे पाठवण्याच्या सेवेचं, उदाहरण हमखास निघतं. पण २००७ साली ती सेवा सुरू झाली ती सिमकार्डातच बसवलेल्या मेन्यूवर, आणि ती काढणारी स्वतः मोबाइल कंपनीच होती. आपल्याकडची *९९# ही बँकिंग सेवा एनपीसीआयची, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेची आहे. तिच्यामागे बँका आणि मोबाइल कंपन्यांची जोडणी आहे. तरीही ट्राय या दूरसंचार नियामकाला २०१६ मध्ये तिच्या मेन्यूचे जास्तीत जास्त टप्पे पाचावरून आठ करावे लागले आणि २०२२ मध्ये ग्राहकाचं शुल्क शून्यावर आणावं लागलं.

देवगडच्या एखाद्या गटाला स्वतःचा यूएसएसडी कोड हवा असेल, तर प्रत्येक मोबाइल कंपनीशी वेगळी बोलणी करावी लागतील. सभासदांच्या खिशात दोन-तीन कंपन्यांची सिमं असतात आणि फक्त ४जीवर चालणाऱ्या जाळ्यात यूएसएसडीसाठी निराळी सोय लागते. माझं मत स्पष्ट आहे: लहान संस्थेनं मिस्ड कॉल घ्यावा, उलट फोन करून आवाजी मेन्यू ऐकवावा आणि उत्तर एसएमएसनं पाठवावं. सभासदाला खर्च नाही आणि कुठलंही सिम चालतं.

मजकूर डोळ्यांनी मोजणं

यूएसएसडीच्या एका पडद्यावर रोमन अक्षरांत १८२ खुणा मावतात, देवनागरीत फक्त ८०. एसएमएसमध्ये १६० ऐवजी ७०, आणि संदेश लांबला, त्याचे तुकडे झाले की प्रत्येक तुकड्यात ६७. त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘सिंधुदुर्ग’ आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, फोन मात्र दहा मोजतो.

‘हर्णै बंदर येथील मासळीचे आजचे घाऊक बाजारभाव खालीलप्रमाणे’ या शीर्षकातच ५६ खुणा संपतात. आता हा मेन्यू पाहा:

हर्णै आजचा भाव
१ पापलेट
२ सुरमई
३ बांगडा
४ कोळंबी
० मागे

ओळींच्या मोडणीसकट हा अख्खा मेन्यूही ५६ खुणांचाच आहे. (प्रत्यक्षात आकडे इंग्रजी द्या, कारण बटणांवर तेच छापलेले असतात.) त्याहीपुढे विचारा, चारच भाव द्यायचे असतील तर मेन्यू हवा कशाला? नाव आणि भाव एकाच एसएमएसात बसतात. लिलाव सुरू असताना कुणालाही एक बटण जास्त दाबायला लावू नका.

काही जुन्या हँडसेटवर देवनागरीऐवजी चौकोन दिसतात. अशा सभासदासाठी रोमन लिपीतलं मराठी ठेवा, आणि ती निवड त्याच्या नंबरवर एकदाच साठवा. दर वेळी भाषा विचारणं म्हणजे एक टप्पा फुकट घालवणं.

मेन्यू अर्ध्यावर तुटतो तेव्हा

लगेच रेंजला दोष देऊ नका. आधी नोंदी उघडून कुठे तुटतंय ते पाहा. सगळ्यांचं एकाच पायरीवर तुटत असेल, तर बहुतेक तुमचा सर्व्हर उशिरा उत्तर देतोय. यूएसएसडीचं संभाषण जिवंत असतं. ठरावीक वेळात उत्तर आलं नाही की कंपनी ते तोडते. भाव किंवा हवामान त्या क्षणी दुसऱ्या संकेतस्थळावरून आणत बसलात, तर हे होणारच. माहिती आधीच आणून आपल्याकडे साठवा. एकाच कंपनीच्या सिमवर तुटत असेल, तर त्या कंपनीची वेळमर्यादा किंवा जोडणी तपासा. एकाच गावातून तुटत असेल, तेव्हा रेंज म्हणा.

तुटल्यावर माणूस पुन्हा फोन लावतो आणि इथे खरं नुकसान होतं. बर्फाची मागणी नोंदवताना ‘नोंद झाली’ हे कळण्याआधी फोन कटला, तर तो परत मागणी टाकतो आणि धक्क्यावर दुप्पट लाद्या येऊन पडतात. त्याच नंबरवरून थोड्या वेळात तीच मागणी आली, तर ‘मागची नोंद आहे, आणखी हवी का?’ असं विचारा. पक्की पोच मात्र एसएमएसनंच द्या.

आवाजी मेन्यूतल्या चुका

लांबलचक स्वागत नको. ‘एक दाबा, भावासाठी’ असं म्हणाल तर काम ऐकेपर्यंत आकडा विसरलेला असतो. ‘भावासाठी एक दाबा’ म्हणा, आणि मध्ये थोडा वेळ सोडा, कारण फोन कानावरून काढून बटण शोधावं लागतं. आवाज त्या भागातल्या माणसाचा हवा. मासळीची नावंही तिथलीच ठेवा. रायगडातली यादी मालवणात जशीच्या तशी चालत नाही. चाचणी इंजिन सुरू असलेल्या होडीवर करा, ऑफिसात बसून नाही.

चुकीच्या दिवसांत सुरुवात

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात मासळीची सेवा सुरू केली, तर नंबर कुणाच्या लक्षात राहणार? आंब्याची सेवा बागेत तोडणी सुरू व्हायच्या आधी तयार हवी. गणपतीत चाकरमानी आले की गावच्या टॉवरवर ताण येतो, तेव्हा त्या आठवड्यात उद्घाटन नको.

वादळाचा इशारा ‘विचारलं तर सांगू’ अशा मेन्यूत कधीच ठेवू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत वीज गेली, टॉवर पडले. मग विचारणार कोण आणि कशावरून? इशारा आधीच, स्वतःहून पाठवा आणि तो किती वाजताचा आहे ते त्यातच लिहा. हवामान खातं आणि इन्कॉइस (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) यांच्या मजकुराला आपला अर्थ जोडू नका. होडी किनाऱ्यापासून लांब गेली की रेंज संपते, म्हणून समुद्राचा अंदाज ती सुटण्याआधी पोचायला हवा.

कागदपत्रं आणि भरवसा

ट्रायच्या २०१८ च्या नियमांमुळे संस्थेचं नाव, हेडर (एसएमएसवर दिसणारं पाठवणाऱ्याचं लघुनाव) आणि प्रत्येक संदेशाचा साचा डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदवावा लागतो. साच्यात एक शब्द बदलला तरी संदेश अडतो आणि सभासदाला ते कळतही नाही. एसएमएस ‘गेला पण पोचला नाही’ तर पहिल्यांदा हेच तपासा.

पिन किंवा ओटीपी कधीही मागू नका. *४०१* ने सुरू होणारे कोड लावायला सांगून लोकांचे फोन दुसरीकडे वळवण्याची फसवणूक इतकी वाढली, की दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडीवरून कॉल वळवण्याची सोय थांबवायला लावली. आपला नंबर सोसायटीच्या फलकावर रंगवून घ्या. त्याखाली दुसरी ओळ लिहा: ‘आम्ही पिन विचारत नाही, कुठलाही कोड लावायला सांगत नाही.’